माना विमानतळावरचा अर्धा तास

रायपूरच्या माना इथल्या स्वामी विवेकानंद विमानतळावर एखादं विमान येऊन थांबलं की ते पुन्हा निघेपर्यंत साधारण अर्धा तास जातो. स्वस्त विमानसेवेचं बरंचसं गणित या अर्ध्या तासात असतं. विमान जमिनीवर कमी वेळ राहिलं तर दिवसाच्या फेऱ्या वाढतात. म्हणून घाई असते, आणि घाई दिसली की प्रवाशाच्या मनात पाल चुकचुकते.

काचेपलीकडची ही घाई मी नेहमी बघत बसतो. चाकांना ठोकळे लागतात, पोटातून बॅगा उतरतात, सफाईवाले मागच्या शिडीने चढतात, इंधनाची गाडी येते. या गडबडीत चमकतं जाकीट घातलेला एक वैमानिक विमानाभोवती सावकाश फिरतो. इंजिनच्या तोंडाशी वाकून पाती बघतो. टायर बघतो, ब्रेक किती झिजलेत ते दाखवणारी छोटी पिन बघतो, वेग मोजणाऱ्या नळ्या मोकळ्या आहेत ना याची खात्री करतो. कुठे तेलाचा ओघळ, कुठे पक्षी आदळल्याची खूण शोधतो. बिघाड सापडला तर तो लॉगबुकात लिहावा लागतो आणि दुरुस्तीवर परवानाधारक इंजिनिअरची सही लागते. हे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे. महागड्या कंपनीला वेगळे नाहीत.

मग तिकीट स्वस्त होतं कसं? शक्यतो एकाच जातीची विमानं, म्हणजे प्रशिक्षण आणि सुटे भागही एकाच प्रकारचे. दाटीने बसवलेल्या खुर्च्या. खाण्याचे आणि जादा सामानाचे वेगळे पैसे. यातल्या कशानेही विमान कमकुवत होत नाही.

खरी भीती कंपनीची तिजोरी आटते तेव्हाची. जुलै 2022 मध्ये स्पाइसजेट या स्वस्त विमान कंपनीला दिलेल्या नोटिशीत डीजीसीएने म्हटलं होतं, की पुरवठादारांचे पैसे वेळेवर न दिल्याने सुट्या भागांची टंचाई झाली आहे. त्याच महिन्यात आठ आठवड्यांसाठी तिची उड्डाणं निम्म्यावर आणली गेली. माना विमानतळानेही असं एक उदाहरण पाहिलंय. 7 ऑगस्ट 2015 रोजी ढाक्याहून मस्कतला निघालेलं बांगलादेशच्या युनायटेड एअरवेजचं विमान इंजिन बिघडल्यामुळे इथे उतरलं. प्रवासी सुखरूप राहिले. पुढच्या वर्षी कंपनीच बंद पडली आणि विमान वर्षानुवर्षं इथेच धूळ खात राहिलं.

दुसरी भीती वैमानिकांच्या थकव्याची. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेणारे नियम लागू झाले होते, आणि कंपनीची तयारी अपुरी पडली. प्रवासी संतापले, ते रास्तच होतं. पण गोंधळ आवरण्यासाठी कंपनीला रात्रपाळीच्या नियमांतून तात्पुरती सूट दिली गेली, तीही तितकीच खटकायला हवी. रायपूरहून पुण्या-मुंबईला जाणाऱ्या आपल्या माणसांना मी एवढंच सांगेन: तिकिटाच्या दराला भिऊ नका. वैमानिकाच्या झोपेत आणि सुट्या भागांच्या पैशांत कुणी काटकसर करत असेल, तर तिथे मात्र गप्प बसू नका.