पळताना हातात फक्त सॅक्सोफोन

समजा, आत्ताच्या आत्ता घर सोडायचंय आणि हातात एकच वस्तू मावणार आहे. काय उचलाल? मोबाइल? मार्कशीटची फाइल?

सॉनी रोलिन्स यांनी सॅक्सोफोन उचलला. सप्टेंबर २००१, न्यूयॉर्क. वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून काही चौक पलीकडे एका उंच इमारतीत त्यांचं घर होतं. टॉवर कोसळले, परिसर रिकामा करायला सांगितला गेला आणि जॅझमधला हा दिग्गज वयाच्या ७१ व्या वर्षी सगळे जिने उतरून खाली आला. चारच दिवसांनी, १५ सप्टेंबरला, बॉस्टनच्या बर्कली परफॉर्मन्स सेंटरमध्ये त्यांचा कार्यक्रम ठरलेला होता. त्यांना तो रद्द करायचा होता. बायको ल्युसिल म्हणाल्या, जायचं. गेले.

त्या रात्रीचं रेकॉर्डिंग म्हणजे 'विदाउट अ साँग : द ९/११ कॉन्सर्ट' हा अल्बम. तो आला २००५ मध्ये, ल्युसिल गेल्यानंतर. आणि गंमत बघा, हे रेकॉर्डिंग कंपनीने नाही, प्रेक्षकांत बसलेल्या एका चाहत्याने केलं होतं!

नाव वाचून तुम्ही रडक्या, संथ सुरांची तयारी ठेवाल. मीही ठेवली होती. पण दुसऱ्याच ट्रॅकवर, 'ग्लोबल वॉर्मिंग'वर, चक्क कॅलिप्सोचा ठेका सुरू होतो. रोलिन्स यांचे आईवडील कॅरिबियन बेटांवरचे, तो ठेका त्यांच्या घरातलाच. पण अशा आठवड्यात नाचरं वाजवायचं? पहिल्यांदा ऐकताना मला जरा खटकलं, खरं सांगते. मग स्टेजवरून ते लोकांशी बोलतात ते ऐकलं. संगीत कसंही करून जिवंत ठेवायला हवं, अशा अर्थाचं ते काहीतरी म्हणतात. भाषण नाही, दोन-चार वाक्यं. पुन्हा वाजवायला लागतात.

ऐकायला सुरुवात कुठून करायची? एक प्रयोग करा. पहिलं गाणं, 'विदाउट अ साँग', त्यांनी १९६२ च्या 'द ब्रिज' अल्बमवरही वाजवलंय. (त्याआधी दोनेक वर्षं कार्यक्रम बंद करून ते विल्यम्सबर्ग पुलावर एकटेच रियाझ करायचे, म्हणून ते नाव.) तिथे ते सात-साडेसात मिनिटांचं आहे, नेटकं. बॉस्टनमध्ये तेच सोळा मिनिटांच्या पुढे जातं. बंदिशीचा मुखडा पकडून गवई लांब फिरून येतो ना, तसं. मूळ चाल हरवली असं वाटतं, तेवढ्यात तिचा एक तुकडा हाताला लागतो. दोन्ही लागोपाठ ऐका. सूर बॉस्टनमध्ये जास्त खरबरीत आहे. मला तोच आवडतो.

'व्हाय वॉज आय बॉर्न?' या ट्रॅकमधल्या वादनाला पुढे ग्रॅमी मिळालं. ते शेवटी ऐकलंत तरी चालेल.

पवईच्या मुलामुलींसाठी एक खास गोष्ट. साठच्या दशकाच्या अखेरीस रोलिन्स योग शिकायला काही महिने तुमच्याकडच्याच एका आश्रमात राहिले होते. एका जागी बसून ध्यान काही जमेना. तेव्हा तिथल्या स्वामींनी त्यांना सांगितलं, की तू वाजवतोस तेच तुझं ध्यान. ही आठवण ते मुलाखतींमध्ये सांगत.

हेडफोन लावा, फोन उलटा ठेवा. सोळा मिनिटं.