दाणीवरचा पैसा: शंकरपटातील प्रवेश फी आणि बक्षिसांचे अर्थकारण

कोणतीही स्पर्धा जाहीर झाली की पहिल्या बक्षिसाची रक्कम सर्वतोमुखी होते. ती रक्कम कोठून उभी राहते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. स्पर्धेच्या बक्षिसाचे मूळ साधारणपणे तीन ठिकाणी असते: स्पर्धकांनी भरलेली प्रवेश फी, देणगीदार किंवा जाहिरातदार यांनी दिलेला पैसा आणि प्रेक्षकांच्या गर्दीतून होणारी मिळकत. या तिन्हींचे प्रमाण कसे आहे आणि जमलेली रक्कम किती जणांत वाटली जाते, यावरून त्या स्पर्धेत सामान्य माणूस टिकेल की केवळ धनवान, हे ठरते. भंडारा जिल्ह्यात या प्रश्नाचा विचार शंकरपटाच्या संदर्भात करणे सर्वांत उचित ठरते.

शंकरपट म्हणजे विदर्भातील बैलजोड्यांची शर्यत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात धानाची कापणी-मळणी उरकून शेतकरी मोकळा झाला की गावोगावी पट भरू लागतात. भंडारा जिल्ह्यात लाखनीच्या पटाचा लौकिक विशेष आहे. ज्या सरळ, समतल पट्टीवरून बैल धावतात तिला ‘दाण’ म्हणतात, हलक्या गाडीला ‘छकडा’ आणि तो हाकणाऱ्यास ‘धुरकरी’ म्हणतात. काही ठिकाणी दोन जोड्या समांतर दाणींवर एकाच वेळी सोडल्या जातात, तर काही ठिकाणी एकेक जोडी सोडून घड्याळावर तिची वेळ घेतली जाते. सारी धाव काही सेकंदांत संपत असल्याने पहिल्या आणि पाचव्या जोडीतील अंतर अनेकदा सेकंदाच्या अंशाइतकेच उरते, आणि त्या अंशावर बक्षिसाचे हजारो रुपये अवलंबून असतात.

पटाचा खर्च पूर्वी मुख्यतः गावचे मालगुजार आणि सधन शेतकरी उचलत. मालगुजार म्हणजे सरकारच्या वतीने शेतसारा वसूल करणारा व गावाची मालकी असणारा जमीनदार. मालगुजारी संपुष्टात आल्यावर ही जबाबदारी गावातील मंडळांकडे आणि समित्यांकडे आली. आज समिती प्रत्येक जोडीमागे प्रवेश फी घेते, व्यापारी, लोकप्रतिनिधी आणि गावकरी एकेक बक्षीस आपल्या किंवा दिवंगत आप्ताच्या नावे देतात, आणि पटाच्या निमित्ताने भरणारी दुकाने व रात्री होणारी झाडीपट्टीची तिकीट लावलेली नाटके यांतून गावात पैसा खेळतो. पटासाठी घरोघरी पाहुणे उतरतात, सोयरिकी जुळतात आणि रात्री तेच पाहुणे नाटकाचे प्रेक्षक होतात. झाडीपट्टी रंगभूमीला पटाच्या गर्दीने दिलेला आधार सर्वश्रुत आहे.

बक्षिसाचे गणित समजून घेण्यासाठी एक काल्पनिक पट घेता येईल. समजा, 80 जोड्या उतरल्या आणि प्रत्येकीने 1,000 रुपये प्रवेश फी भरली, तर 80,000 रुपये जमतात. समितीने फक्त हीच रक्कम बक्षिसांत वाटली, तर सर्व जोड्यांना मिळून त्यांचाच पैसा परत मिळतो. बैल आणण्याचे वाहनभाडे, चारा, खुराक आणि सोबतच्या माणसांचा खर्च मात्र प्रत्येकाच्या अंगावर पडतो, म्हणजे एकंदर हिशेबात जोडीवाले तोट्यातच राहतात. देणगीतून 1,20,000 रुपये आले आणि एकूण बक्षिसे 2,00,000 रुपयांची झाली, तर सरासरीने प्रत्येक जोडीच्या वाट्याला 2,500 रुपये येतात, आणि खेळ मालकांना परवडण्याची शक्यता निर्माण होते. परंतु सरासरी कोणाच्याच हाती पडत नसते. पहिल्या जोडीला 1,00,000 रुपये देऊन उरलेले चार जोड्यांत वाटले, तर 75 जोड्या रिकाम्या हाताने परततात. पहिल्या जोडीला 50,000 रुपये ठेवून उरलेले 1,50,000 रुपये पुढच्या 20 जोड्यांत उतरत्या क्रमाने वाटले, तर 21 घरी काही ना काही पोहोचते. रक्कम तीच असली तरी पुढच्या वर्षी किती जोड्या येतील, हे या वाटणीवरून ठरते.

याच प्रश्नाचा अनुभव अमेरिकेतील गळाने मासे पकडण्याच्या स्पर्धांतून फार स्पष्ट दिसतो. बास हा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याचा मासा असून ठरावीक वेळेत पकडलेल्या माशांच्या एकूण वजनावर तेथे विजेता ठरतो. अलाबामातील विमाविक्रेते रे स्कॉट यांनी 1967 साली आर्कान्सातील बीव्हर लेक या जलाशयावर जी स्पर्धा भरवली तीत 106 स्पर्धकांनी प्रत्येकी 100 डॉलर प्रवेश फी भरली होती, म्हणजे स्पर्धेचा पाया स्पर्धकांच्याच खिशातून घातला गेला. 1971 साली नेवाडातील लेक मीड येथे पहिली ‘बासमास्टर क्लासिक’ झाली; 24 निवडक स्पर्धकांतील एकट्या विजेत्याला 10,000 डॉलर मिळाले आणि इतरांना काहीच मिळाले नाही. पुढे नौका, इंजिने आणि गळाची सामग्री बनवणाऱ्या कंपन्यांचा पैसा आला आणि अलीकडे या स्पर्धेच्या विजेत्याचे बक्षीस 3,00,000 डॉलरपर्यंत गेले. तरीही वरच्या पायरीवर पोहोचण्यासाठी खालच्या स्पर्धांची फी आणि प्रवासखर्च वर्षानुवर्षे स्वतः सोसावा लागतो, त्यामुळे प्रायोजक, म्हणजे जाहिरातीच्या मोबदल्यात खर्च उचलणारी कंपनी, नसलेल्या खेळाडूला टिकणे कठीण जाते.

बक्षीस वाढले की फसवणुकीचा मोहही वाढतो. 2022 मध्ये ओहायो राज्यात ईरी सरोवरावर झालेल्या एका मासेमारी स्पर्धेत दोघा स्पर्धकांच्या माशांच्या पोटात वजन वाढवण्यासाठी भरलेले शिशाचे गोळे सर्वांदेखत निघाले आणि पुढे न्यायालयात दोघांनी गुन्हा कबूल केला. तेथे जे काम तराजूचे आहे, ते पटात घड्याळाचे आणि निशाण दाखवणाऱ्या पंचांचे आहे. त्यांच्यावरचा विश्वास उडाला तर प्रवेश फी ही केवळ खंडणी वाटू लागते.

शंकरपटाच्या अर्थकारणाला मोठा धक्का बसला तो कायद्याच्या बाजूने, आणि त्यामागचे कारण दुर्लक्षिण्यासारखे नव्हते: बक्षिसाच्या ईर्ष्येपोटी बैलांना दिला जाणारा त्रास. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू या तामिळनाडूतील बैलांच्या खेळासह बैलगाडा शर्यतींना मनाई केली. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे शर्यती पुन्हा अडल्या. अखेर 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. आता आयोजकांना जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते, 50,000 रुपयांची सुरक्षा ठेव ठेवावी लागते, धावेचे अंतर 1,000 मीटरच्या आत ठेवावे लागते आणि पशुवैद्यकाकडून बैलांची तपासणी करून घ्यावी लागते. हा खर्च छोट्या गावाला जड असला तरी अनावश्यक नाही, कारण ज्या मुक्या जनावराच्या बळावर सगळा पैसा उभा राहतो, त्याच्या सुरक्षेचा वाटा त्या पैशातून सर्वांत आधी निघाला पाहिजे.

बंदी उठल्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात बक्षिसांचे आकडे झपाट्याने वाढले; 2022 मध्ये पिंपरी-चिंचवड परिसरातील चिखली येथे भरलेल्या शर्यतीत जेसीबी यंत्र, बोलेरो आणि ट्रॅक्टर अशी बक्षिसे होती. अशा बक्षिसांमुळे खेळाला प्रसिद्धी मिळते, वेगवान बैलांच्या किमती वाढतात आणि जातिवंत खोंड पाळणाऱ्यास उत्तेजन मिळते, हे खरे आहे. मात्र बैल विकत घेऊन केवळ शर्यतीसाठी पोसणारा श्रीमंत मालक आणि वर्षभर त्याच जोडीने धानाच्या बांधीत चिखलणी करणारा कास्तकार एकाच बक्षिसासाठी उभे राहिले, तर दुसऱ्याची फी पहिल्याच्या बक्षिसात जमा होते. म्हणूनच विदर्भातील काही पटांत जोड्यांचे वेगवेगळे गट पाडून स्थानिक शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र बक्षिसे ठेवली जातात. ही व्यवस्था न्याय्य असून ती सर्वत्र रूढ होण्याजोगी आहे.

भंडारा जिल्ह्यातील समित्यांनी पट भरण्यापूर्वीच किती जोड्या, किती फी, किती देणगी आणि किती बक्षिसे, हा हिशेब फलकावर लिहिला, फीची सर्व रक्कम बक्षिसांतच जाईल असे बंधन स्वतःवर घातले, बैलांची तपासणी व व्यवस्था यांचा खर्च देणगीतून वेगळा काढला आणि बक्षिसांची संख्या उतरलेल्या जोड्यांच्या किमान चौथ्या हिश्श्याइतकी ठेवली, तर लहान शेतकऱ्याला दाणीवर उतरण्याआधीच आपला नफा-तोटा कळेल. पटाचे वैभव पहिल्या बक्षिसाच्या आकड्यापेक्षा पुढच्या वर्षी पुन्हा नाव नोंदवणाऱ्या जोड्यांच्या संख्येवर मोजणे अधिक योग्य आहे, कारण तीच संख्या हा खेळ गावाचा राहिला की नाही हे सांगते.