दिनविशेष : २६ जून



मृगाचा पाऊस झाला की आपली नजर आभाळाकडे आणि मन आडसाली लागणीकडे असतं. सरी सोडायची, बेणं पाहायचं, अशी गडबड असते. या धांदलीत कॅलेंडरावरची २६ जून ही तारीख सहज निसटून जाते. पण उसाला पाणी देणाऱ्या माणसाने ती विसरू नये.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतराव जन्मले. सन १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. दुसऱ्याच वर्षी, १८९५ साली, शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली. तोवर माल पिकवायचा शेतकऱ्याने आणि भाव ठरवायचा दुसऱ्याने, असा प्रकार होता. पेठ झाल्याने कोल्हापुरी गुळाला नाव मिळालं.

त्यानंतर १८९६-९७ आणि १८९९ च्या दुष्काळांनी रयत होरपळली. दुष्काळात धान्य वाटून एक वर्ष निभतं, पण पाणी अडवलं तर पिढ्या निभतात, हे महाराजांनी ओळखलं. सन १९०२ मध्ये त्यांनी संस्थानचं पाटबंधाऱ्याचं धोरण आखलं, विहिरी-तलावांची पाहणी करवली. पुढे भोगावती नदीवर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं. एवढं मोठं काम एका लहान संस्थानाने अंगावर घेणं म्हणजे धाडसच. १९१८ च्या सुमारास पैशाअभावी काम अर्ध्यावर थांबलं. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले. धरण पुरं झालं १९५७ साली! ज्याने पाया घातला त्याला काठोकाठ भरलेलं धरण बघायला मिळालं नाही. ते पाणी आपल्या वाट्याला आलं.

महाराजांनी १९०२ मध्येच मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के नोकऱ्या राखून ठेवल्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत केलं. म्हणूनच महाराष्ट्रात हा दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतात.

याच तारखेला, १८८८ साली, नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व जन्मले. त्यांच्या कानाच्या दुखण्यावर मिरजेत उपचार व्हावेत म्हणून शाहू महाराजांनीच मदत केली होती. २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे पन्नास देशांनी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सह्या केल्या. त्यात भारतही होता. आणि २६ जून १९७५ च्या सकाळी रेडिओवरून देशाला आणीबाणीची खबर कळली. वर्तमानपत्रांवर बंधनं आली. मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठली. वार्षिक सभेत उभं राहून हिशेब विचारणाऱ्या सभासदाला बोलण्याच्या हक्काचं मोल वेगळं सांगायला नको.

आता पुन्हा पाण्याकडे वळू. जे पाणी मिळवायला दोन पिढ्या लागल्या, तेच आज कुठे कुठे रान बिघडवतं आहे. नदीकाठच्या शिरोळसारख्या भागात हजारो एकर जमीन क्षारपड झाली. कारण साधं आहे. पाटाला पाणी आलं की आपण सरी तुडुंब भरतो. काळ्या रानात ते मुरत राहतं, खालची पाणीपातळी वर येते, बरोबर क्षार येतात. वरचं पाणी उडून जातं आणि पांढरा थर मागे राहतो. मग रान पाटलाचं असो की कुळाचं, त्यात कुसळही उगवत नाही.

तेव्हा यंदा लागणीपूर्वी माती तपासून घ्या. निचऱ्याचे चर मोकळे करा. शेजाऱ्याचा चर आपल्या बांधातून जात असेल तर अडवू नका. पाण्याला गट नंबर कळत नाही. धैंचा किंवा ताग गाडा. जमेल त्याने ठिबक करावं, न जमेल त्याने निदान मोजून पाणी द्यावं.

महाराजांच्या फोटोला हार घालणं सोपं आहे. त्यांनी अडवलेल्या पाण्याने आपल्या नातवंडांचं रान नासू नये, एवढं पाहिलं तरी जयंती पोचली म्हणायची.