शहराच्या मालकीची वीज: तिचा प्रमुख कोण निवडतो?

बडनेऱ्यात नवी वस्ती असो की जुनी, लाईन गेली की आपण वायरमनला फोन लावतो. त्याचा साहेब कोण, हेही बहुतेकांना माहीत असतं. पण सगळ्यात वरचा साहेब कोण नेमतो, असं विचारलं की आपण एकमेकांकडे पाहतो. आज त्याच्यावरच बोलू.

आपली वीज महावितरणची. २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन झालं, त्यातून निघालेली ही राज्य सरकारची कंपनी. आपली महापालिका पथदिव्यांचं बिल भरते, म्हणजे तीही ग्राहकच. शहराच्या मालकीचा वीजपुरवठा पाहायचा तर मुंबईला जावं लागतं. तिथे ‘बेस्ट’ आहे. १९०५ मध्ये ती खाजगी कंपनी म्हणून सुरू झाली आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबई महापालिकेने ती ताब्यात घेतली. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत सुमारे दहा लाख ग्राहकांना ती वीज देते आणि बसही चालवते. बसच्या तोट्याचा काही भाग अनेक वर्षं वीजबिलातूनच वसूल होत असे. म्हणजे इथला प्रमुख चुकला, तर घरातला दिवा आणि रस्त्यावरची बस, दोन्हींवर परिणाम होतो.

‘बेस्ट’च्या प्रमुखाला महाव्यवस्थापक म्हणतात. कायद्याने त्याची नेमणूक महापालिकेने करायची आणि राज्य सरकारने तिला मान्यता द्यायची. नगरसेवकांची ‘बेस्ट समिती’ त्याच्या कामावर लक्ष ठेवते. हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात राज्य सरकार एखाद्या आयएएस अधिकाऱ्याची बदली करतं आणि तो महाव्यवस्थापक होतो.

याचा आपल्याशी काय संबंध? २०२३ मध्ये ‘बेस्ट’चे लोकेश चंद्र महावितरणवर आले आणि महावितरणचे विजय सिंघल ‘बेस्ट’वर गेले. म्हणजे मुंबईच्या विजेचा प्रमुख आणि आपल्या विजेचा प्रमुख यांची अदलाबदल झाली. शहराची संस्था आणि राज्याची कंपनी, पण बदलीची यादी एकच! पुढच्याच वर्षी सिंघल सिडकोत गेले, अनिल डिग्गीकर आले. २०२५ मध्ये काही काळ ही जबाबदारी ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून एस. व्ही. आर. श्रीनिवास यांच्याकडे होती. त्यांच्याकडे धारावी पुनर्विकासाचं कामही होतंच.

अधिकारी नालायक असतात, असं मला म्हणायचं नाही. अडचण मुदतीची आहे. वीजखरेदीचा करार वर्षानुवर्षं चालतो, नव्या केबलचं काम दोन-तीन पावसाळे खातं. निर्णय घेणारा वर्षभरात दुसऱ्या खात्यात गेला, तर जाब कोणाला विचारायचा?

त्यात आणखी एक झालं. मार्च २०२२ मध्ये मुंबईतल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. जवळजवळ चार वर्षं बेस्ट समितीच नव्हती. अमरावती महापालिकेतही तेवढा काळ प्रशासक होते, हे तुम्ही पाहिलंच आहे.

बाहेर काय करतात? अमेरिकेत सिएटल शहराची स्वतःची वीजसंस्था आहे. तिथे महापौर प्रमुखाचं नाव सुचवतो आणि नगर परिषद त्याला मंजुरी देते. सॅक्रामेंटोत तर वीजसंस्थेच्या संचालक मंडळावर लोक आपापल्या प्रभागातून सात जण निवडून देतात आणि ते मंडळ प्रमुख नेमतं. यातही राजकारण येतंच. पण नाव कोणी सुचवलं, कोणी मान्य केलं, हे लोकांना कळतं.

एका भाऊंनी विचारलं आहे, “साहेब बदलला तर आमचं बिल कमी होईल काय?” थेट नाही. दर वीज नियामक आयोग ठरवतो, ‘बेस्ट’चे आणि महावितरणचेही. पण गळती किती थांबवली, वीज कोणत्या भावाने घेतली, डीपी जळल्यावर किती तासांत बदलली, हे प्रमुखाच्या कारभारावर ठरतं आणि तो खर्च शेवटी दरात उतरतो.

म्हणून मागणी करायची तर तीन गोष्टींची करा: प्रमुखाला किमान तीन वर्षांची मुदत, निवडीचे निकष आधी जाहीर, आणि दरवर्षी कामाचा हिशोब लोकांसमोर. आयोगाची दरवाढीवरची जनसुनावणी अमरावतीतही झालेली आहे. पुढच्या वेळी फक्त दरावर बोलून परत येऊ नका. हा दर मागणारा साहेब कोणी नेमला आणि किती दिवसांसाठी, हेही विचारा.