ताठर घोडा लवचीक कसा करावा?

भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या चवथ्या अंकांत आश्रमांतील बटूंना प्रथमच घोडा दिसतो, आणि ते मोठ्या नवलानें शेपटापासून खुरांपर्यंत त्याचें वर्णन लवाला ऐकवितात. त्या कवीचें पद्मपूर म्हणजे आमगावजवळचें पदमपूर, असें कांहीं संशोधकांनीं मानिलें आहे. भाताच्या या मुलखांत आजही घोडा दिसावयाचा तो बहुधा वरातींत.

वरातीचा घोडा एका अंगाला सहज वळतो, दुसऱ्या अंगाला मात्र लांकडासारखा ताठ राहतो. धनी म्हणतो, ‘जनावर अडेल आहे’, आणि चाबूक उचलतो. परंतु घोडा वळत नाहीं, कीं त्याला वळतां येत नाहीं?

उत्तर त्याच्या शरीररचनेंत आहे. घोड्याला आपल्यासारखें गळ्याचें हाड नसतें. पुढचे पाय धडाशीं केवळ स्नायूंनीं व त्यांच्या बंधांनीं जोडलेले असतात. कणा मानेंत पुष्कळ वांकतो, खोगिराखालीं फारच थोडा. म्हणून लवचीक करणें म्हणजे कणा वांकविणें नव्हे, तर दोन्ही कुशींच्या स्नायूंना सारखेंच लांबावयास शिकविणें होय. माणसांत कोणी उजवा, कोणी डावखोरा, तसेंच घोड्याचेंही. डावीकडे वळतांना उजवी कूस लांबावी लागते. ती आंखडलेली असली, कीं घोडा डावीकडे अडतो. दोष दिसतो एका बाजूस, असतो पुष्कळदां दुसऱ्या बाजूस.

शिक्षणापूर्वीं तपासणी हवी. अणकुचीदार झालेल्या दाढा, रुतणारें खोगीर, वाढलेले खूर किंवा सुजलेले सांधे यांनींही घोडा ताठर होतो. अशा वेळीं आधीं पशुवैद्य. दुखणाऱ्या अंगाला व्यायाम देणें ही शिक्षाच होय.

अंग निकोप असल्यास आरंभीं दहा-पंधरा मिनिटें ढिल्या लगामानें नुसतें चालवावें. मग सुमारें २० मीटर व्यासाच्या वर्तुळावर प्रथम चालीनें, नंतर दुडकीनें न्यावें. घोडा असा वर्तुळांत फिरविण्याला ‘कावा’ म्हणत. ‘गनिमी कावा’ म्हणतांना तो अर्थ आपणांस आठवत नाहीं, इतकेंच. स्वाराची आंतली पोटरी घोड्याच्या कुशीला हलकेच लागावी, बाहेरच्या लगामानें खांदा आवरावा, आणि आंतला मागचा पाय पोटाखालीं येतांच आंतला हात सैल करावा. हें सैल करणें हेंच घोड्याचें बक्षीस. मान ओढली, तर मान तेवढी वळते. धड ताठच राहून खांद्यावरून बाहेर निसटतें.

पुढें इंग्रजी आठाच्या आंकड्यासारख्या व नागमोडी फेऱ्या घ्याव्या. त्यांत दिशा बदलते, आणि प्रत्येक बदलाबरोबर लांबणारी कूसही बदलते. मधूनमधून चालीवरून दुडकीवर व दुडकीवरून चालीवर आणावें. त्यानें मागचे पाय भार उचलावयास शिकतात. जमिनीवर ८० ते ९० सेंटिमीटर अंतरानें चार बांबू टाकून त्यांवरून चालीनें नेल्यास घोडा मान खालीं घेऊन पाय उचलतो, आणि पाठ मोकळी होते. याच्याही पुढचा पाठ म्हणजे सरळ रेषेंत जातांना खांदे किंचित् आंत घेऊन चालविणें. अठराव्या शतकांत फ्रेंच अश्वशिक्षक ला गेरिनियेर यानें तो रूढ केला.

सोप्या बाजूनें आरंभ करावा, अवघड बाजूस थोडेंच काम घ्यावें, आणि शेवट पुन्हां सोप्या बाजूनें करावा. आरंभीं रोज अर्धा तास पुष्कळ झाला. स्नायू आठवड्यांनीं बदलतात, दिवसांनीं नव्हे. आणि थकलेला घोडा अधिकच आंखडतो.

सन २०२३ मध्यें हांग्झू येथें झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारतीय संघानें अश्वशिक्षणाच्या, म्हणजे ‘ड्रेसाज’च्या, प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें. त्या संघांत मुंबईचा हृदय छेडा होता. त्या डौलदार चालीचा पाया याच साध्या वर्तुळांत घातला जातो.

वरातीच्या घोड्याला पदक मिळवावयाचें नाहीं. त्याला वेदनेवांचून वळतां आलें, म्हणजे पुरे. तेव्हां घोडा डावीकडे अडला, तर चाबूक उचलण्यापूर्वीं त्याच्या उजव्या कुशीवरून एकदां हात फिरवून पाहावा.