घर मुलांच्या नावे करताय? २०० रुपयांपलीकडचा हिशेब आधी पाहा

‘हयातीतच फ्लॅट मुलाच्या नावे करून टाका, २०० रुपयांचं तर काम आहे,’ हा सल्ला सोसायटीच्या बाकावर हमखास मिळतो. तो निम्माच खरा आहे.

महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती-पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे अथवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीसपत्राने दिल्यास मुद्रांक शुल्क २०० रुपयेच आहे. मात्र शहरांत स्थानिक अधिभार वेगळा लागू शकतो आणि तो मालमत्तेच्या किमतीवर मोजला जातो. दुकानाच्या गाळ्याला ही सवलत नाही. भाऊ-बहीणही या यादीत नाहीत.

प्राप्तिकराची बाजू सोपी. मृत्यूनंतरच्या संपत्तीवरचा कर १९८५ मध्ये, तर देणाऱ्यावरचा बक्षीस कर १९९८ मध्ये रद्द झाला. कायद्याने मानलेल्या नातेवाइकाकडून मिळालेली भेट कितीही मोठी असो, करमुक्त. यातली एक गंमत म्हणजे काकांनी पुतण्याला दिलेले पैसे करमुक्त. पण पुतण्याने काकांना वर्षात ५० हजारांहून अधिक दिले, तर ते काकांचे करपात्र उत्पन्न!

गफलत होते ती पुढच्या उत्पन्नात. पत्नीला किंवा सुनेला पैसे भेट देऊन मुदत ठेव केली, तरी व्याज देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. सज्ञान मुला-मुलीला दिल्यास तसे होत नाही. पुढे मुलाने घर विकले तर भांडवली नफा वडिलांच्या मूळ खरेदी किमतीवरूनच मोजतात.

कर वाचला, पण घर गेले, असेही होते. नोंदणीकृत बक्षीसपत्र मन बदलले म्हणून फिरवता येत नाही. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७च्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता मुलांनी अट मोडल्यास न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका आईचे बक्षीसपत्र याच आधारे रद्द ठरवले. अट तोंडी असेल तर ती सिद्ध करणे कठीण. त्यामुळे सांभाळाची अट आणि आई-वडिलांचा तहहयात राहण्याचा हक्क, दोन्ही दस्तातच लिहून घ्यावेत.

एवढी घाई नसेल, तर मृत्युपत्र आहेच. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही आणि ते कितीही वेळा बदलता येते.