बैलाचे दात पाहता, घरातले कधी पाहता?



बाजारात बैल घ्यायला गेलात की आधी त्याचा जबडा उघडता. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळला, हे पाहिल्याशिवाय सौदा होत नाही. दात गेलेल्या जनावराच्या अंगी चारा लागत नाही, हे सांगायला तुम्हाला कृषी अधिकारी लागत नाही. मग घरच्या माणसांचे दात शेवटचे कधी पाहिलेत? मी काही दातांचा डॉक्टर नव्हे. पण गावोगाव फिरताना चाळिशीतच भाकरी दुधात कुस्करून खाणाऱ्या मायबहिणी दिसतात, म्हणून आज पीक-पाणी बाजूला ठेवून हा विषय घेतला आहे.

सुरुवात मशेरीपासून करू. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि बोटानं हिरड्यांवर फिरवायची. पुष्कळ घरांत यालाच दात घासणं म्हणतात. पण ती तंबाखूच. भाजल्यानं तिचं विष जात नाही. ठणकणारी दाढ तिनं घटकाभर शांत झाल्यासारखी वाटते, म्हणून हात पुन्हा डबीकडे जातो. सकाळी एकदा लावणारी बाई मग दिवसातून चार-पाच वेळा लावू लागते. आत दुखणं वाढतच असतं. तंबाखू घातलेली दंतमंजनं आणि टूथपेस्ट यांवर केंद्र सरकारनं १९९२ मध्ये बंदी घातली, पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? गरोदर बाईनं तर मशेरीला शिवूच नये. तंबाखूमुळे पोटातल्या बाळाचं वजन कमी भरतं. इथं सासूबाईंनी आधी स्वतःची डबी बंद करावी, मग सुनेला सांगावं.

आता दात किडतो कसा? जत्रेत दाढेतून किडे काढून दाखवणारे भेटतात. ते किडे त्यांच्याच पिशवीतले! खरं असं की दातांवर रोज जंतूंचा चिकट थर बसतो. आपण गोड खाल्लं की हे जंतू त्याचं आम्ल करतात आणि आम्ल दाताचं कवच पोखरतं. म्हणून गोड किती खाल्लं याइतकंच, किती वेळा खाल्लं हेही पाहावं लागतं. दिवसभर घोट-घोट गोड चहा पिणाऱ्याच्या दाताला उसंतच मिळत नाही. गूळही याला अपवाद नाही.

हाच थर हिरडीच्या कडेला साचून त्याचं किटण होतं. हिरडी सुजते, रक्त येतं आणि पुढे दाताला धरणारं हाड झिजतं. ओढ्याकाठच्या झाडाची माती धुपून मुळं उघडी पडतात, तसंच हे. रक्त येतं म्हणून घासणं सोडू नका. उलट हळुवार पण नीट घासा आणि डॉक्टरला दाखवा. घरात कुणाला मधुमेह असेल तर जास्तच जपा. सुजलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं, आणि वाढलेल्या साखरेनं हिरड्या आणखी बिघडतात.

राख, विटेची भुकटी, कोळसा यांनी दात पांढरे दिसतात, पण कवच घासलं जातं, आणि ते पुन्हा उगवत नाही. मऊ ब्रश आणि फ्लोराईडची पेस्ट घ्या. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं घासा. त्यात रात्रीचं घासणं चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि जंतूंचं फावतं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरे. पेस्ट गिळू देऊ नका.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट हमखास निसटते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे एक दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे आई-बापाला ती दुधाचीच वाटते आणि 'पडेल आपोआप' म्हणून किडू दिली जाते. ती कायमची दाढ असते. गेली की पुन्हा येत नाही.

येत्या रविवारी घरातल्या सगळ्यांना अंगणात उजेडाला बसवून तोंडं पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यांपैकी काहीही दिसलं तर दुखत नसलं तरी थांबू नका. जवळच्या सरकारी रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या वारी असतात, ते गावातल्या आशाताईंना आजच विचारून ठेवा.